धूर कुणाचा, पैसा कुणाचा?

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर हे ऐकाच. इथेच कारखाना असलेल्या फोक्सवॅगनची गोष्ट. २०१४ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत १० माकडांना तिच्या बीटल गाडीचा धूर हुंगायला लावला. नवं डिझेल स्वच्छ असतं, हे दाखवायचं होतं. पैसे एका ‘युरोपीय संशोधन गटा’चे. नाव किती साळसूद! मागे फोक्सवॅगन, डेमलर, बीएमडब्ल्यू. त्यात ती गाडी चाचणी ओळखून प्रदूषण कमी दाखवणारी, आणि हे शास्त्रज्ञांनाच ठाऊक नव्हतं. म्हणून अहवालात नुसतं संस्थेचं नाव पुरत नाही. तिला पैसे कोण देतं, गाडी कुणी पाठवली, तेही छापायला हवं.

उद्योगाचा पैसा म्हणजे लबाडीच, असंही नाही हं. पुण्यातली एआरएआय १९६६ साली वाहन उद्योगानेच सरकारसोबत उभारली. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या आपल्या रस्त्यांवर मर्यादेपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, हे तिनेच मोजून सांगितलं.