वाड्याच्या मागच्या दाराने
(पुण्यातील वाड्यांच्या फेरीनंतर केलेले भाषण)



आज सकाळी आपण शनिवारवाड्यापासून बाजीराव रस्त्याने या विश्रामबागवाड्यापर्यंत चालत आलो. वाटेत प्रत्येक वाडा कोणी बांधला ते आपण ऐकलं. शनिवारवाडा पहिल्या बाजीरावाचा, नाना वाडा नाना फडणवीसांचा, हा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, 1807 सालचा. सगळी नावं पुरुषांची. मग या वाड्यांत पाणी कोणी भरलं, दळण कोणी दळलं, चौक कोणी सारवले?

पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्यांत बाईची किंमत लिहिलेली असते. कोरीव खांबांचं कौतुक जरूर करू या, पण ही किंमतही विसरायला नको.

याच विश्रामबागवाड्यात 1821 साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. ती ब्राह्मण पुरुषांसाठी होती. इथून थोड्याच अंतरावर, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात, 1848 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. वाडा तसाच, जुन्या चालीचा. पण त्याच्या दारातून मुली पाटी घेऊन आत गेल्या. तो मोडकळीला आलेला वाडा स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला. स्मारक व्हावंच. पण वाडे पाडताना बायकांचं काय होतं, हे मला माझ्या घरातलं सांगायचं आहे.

माझी आई सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात लग्न होऊन आली. दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास. पहाटे चारला उठून तिने पाणी भरलं, भाडंही तिच्याच शिवणकामातून जायचं. पावती मात्र वडिलांच्या नावाची. वडील गेले, पावती भावाच्या नावावर झाली. वाडा विकसनाला गेला तेव्हा करारावर भावाची सही झाली. आईला कोणी विचारलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "मी कुठे मालक होते, की मला विचारतील?"

1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. तो मुलगाच असला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तसं आपणच धरून चालतो. आमच्या घरात मीही तेच धरून चालले होते. आईची बाजू घ्यायला मी उभी राहिले नाही, याची बोच आजही आहे.

पेठांतले उरलेले वाडे एकेक करून पडताहेत. म्हणून घरी गेल्यावर प्रत्येकीने एवढंच करा: भाडेपावती, करार, घरपट्टीची पावती काढा आणि नाव कोणाचं आहे ते वाचा. आपलं नसेल तर आजच विचारा, का नाही? शेजारणीलाही विचारायला लावा. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या. आपण एकत्र बसून वाचू.