उशाचा दगड

संकट आले की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘का?’ माझ्याच वाट्याला का, हे कोणत्या पापाचे फळ? ख्रिस्ती श्रद्धा हा प्रश्न दडपून टाकत नाही. त्याच्या शेजारी ती आणखी एक प्रश्न मांडते, ‘कशासाठी?’ योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाची हकीकत आहे. त्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही गोष्टी नाकारतो आणि देवाचे कार्य या माणसाच्या ठायी दिसायचे आहे, असे सांगतो. मग तो जमिनीवर थुंकतो, माती कालवतो, तो चिखल त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहच्या तळ्यावर धुऊन यायला पाठवतो. शिष्यांना वाद घालायचा होता. आंधळ्याला दृष्टी मिळाली.

जुन्या करारातील योसेफाची कथा या विचाराला काळाचे माप देते. १७व्या वर्षी भावांनी त्याला विकले. मिसर देशात गुलामी आणि खोट्या आळामुळे तुरुंग, असे त्याच्या वाट्याला आले. पुढे तो धान्यकोठारांचा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यासमोर उभे राहिले. मधे २० वर्षांहून अधिक काळ गेला होता. योसेफ भावांच्या दुष्टपणाला चांगले म्हणत नाही. त्या दुष्टपणातूनही देवाने अनेकांचे प्राण वाचवले, एवढेच तो सांगतो. म्हणजे अन्याय हा अन्यायच राहतो. देवाचा संकल्प त्या अन्यायापुढे हार मानत नाही, आणि तो बहुधा मागे वळून पाहताना उमगतो.

तोवर रडायला या श्रद्धेत मनाई नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपासून अहिल्यानगरच्या खेड्यापाड्यांपर्यंत मराठी मंडळ्या भर दुपारी उपासनेला जमतात आणि वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांवर एकेक करून मनन होते. त्यातला चौथा उद्गार म्हणजे देवाने आपल्याला का सोडले, ही येशूची आर्त हाक. खुद्द प्रभूच्या तोंडी ‘का’ आहे. म्हणून विश्वासणाऱ्याने तो विचारला तर त्याचा विश्वास उणा ठरत नाही.

मराठवाड्यात या विचाराची खूण एका गावाच्या नावात उरली आहे. जालन्याजवळचे बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवले. ब्राह्मण घरातल्या या तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनकडे राहत होता. न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. मुलाच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. एक घर दुभंगले होते. तेच नारायणराव पुढे निजामाच्या राज्यात, जालन्यात आले आणि मांग-महार समाजांतून आलेल्या, गावकुसाबाहेर ठेवलेल्या कुटुंबांसाठी त्यांनी गाव उभे केले. त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारने जमीन दिली. बेथेल म्हणजे देवाचे घर. पवित्र शास्त्रात हे नाव याकोबाने ठेवले आहे. भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपला. जाग आल्यावर त्याला कळले, की देव याच ठिकाणी होता आणि आपल्याला त्याची जाणीव नव्हती. तोच दगड त्याने उभा करून त्यावर तेल ओतले. घरदार तुटलेल्या माणसांच्या वस्तीला याहून खरे नाव सापडले नसते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा अर्थ दोन दुष्काळांच्या मधे उलगडत गेला. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण दगावली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी देशभर भटकले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी गेले. कडेवर मनोरमा ही लहान मुलगी उरली. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

१८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपली उपासमार आठवून रमाबाई तिथे गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. शारदा सदन तोवर पुण्यात हलले होते आणि तिथे तेव्हा प्लेगचे निर्बंध होते; इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून दौंड तालुक्यातील केडगावच्या शेतावर त्यांची सोय करावी लागली. मुक्ती सदन असे अडचणीतून उभे राहिले. १९००च्या सुमारास तिथे जवळजवळ २,००० जणी राहत होत्या. विणकाम होते, छापखाना होता, अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत होती. १९२१मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीक मुळावरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचे काम पुरे करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला दुष्काळ का आला, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडत नाही. त्या दुष्काळाने शिकवलेली भुकेची ओळख कोणाच्या कामी आली, ते केडगावात दिसते.

या श्रद्धेला एक मर्यादा पाळावी लागते. आपल्या दुःखाचा हेतू ज्याचा त्याने शोधायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाचा हेतू त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. जुन्या करारातल्या ईयोबाची मुले, गुरेढोरे आणि आरोग्य गेले, तेव्हा मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. ते योग्य होते. मग ते बोलू लागले, त्याच्या पापांचा हिशेब मांडू लागले, आणि शेवटी देवाने दोष दिला तो त्या मित्रांना. जिथे पाऊस दगा देतो आणि कर्त्या माणसाच्या जाण्याने शेतकऱ्याचे घर उघडे पडते, त्या मराठवाड्यात हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीण भाकरी आणि पिठले झाकून आणते, पोरांना जवळ घेऊन भरवते, काही न बोलता भांडी घासून ठेवते. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार देवाचे कार्य त्या घरात तिथूनच सुरू होते.