आधी अंतर, मग आवाज



सकाळी पुसला, शेंदूरजनाघाटकडच्या एसटी गाड्या वरूडला येतात आणि कॉलेजच्या पोरींचा लोंढा उतरतो. दाराशी रेटारेटीत कुणी मुद्दाम अंगचटीला येतो. पोरगी बॅग छातीशी धरते, मान खाली घालते आणि निघून जाते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभा असतो.

आपल्या जिल्ह्याला व्यायामाचा मोठा वारसा आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळ दाखवले. पोरींनी आखाड्यात जरूर जावं. पण डाव अंगात मुरायला वर्षं लागतात. अंतर आणि आवाज मात्र आजपासून आपल्या हाती आहेत.

समोरचा अंगावर येतोय असं वाटलं, की एक पाय मागं घ्या. दोन्ही तळहात छातीच्या उंचीवर, उघडे, त्याच्याकडे करून धरा. हात उगारलेले दिसत नाहीत, पण वाट अडते. मग पोटातून आवाज काढा: "मांगं सरक!" विनवणी नको, शिवीही नको. चार माणसं वळून पाहतील एवढा आवाज हवा. मनगट धरलंच, तर अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं पकड कच्ची असते. त्या फटीकडे मनगट वळवा, कोपर वाकवून हिसका द्या. सुटलात की उजेडाकडे, माणसांकडे पळा. पळून जाण्यात कसलीही हार नाही.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. स्वतःसाठी आणि दुसऱ्याला वाचवण्यासाठीसुद्धा. मात्र बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. धोका टळला की हक्कही संपला. शेताच्या धुऱ्याच्या भांडणात आपल्याकडे हेच विसरलं जातं. समोरचा पळत सुटलाय आणि मागून काठी बसली, तर तो बचाव राहत नाही, गुन्हा होतो. पोलिसांकडे जायला वेळ असताना कुऱ्हाड घेऊन शेतात जाणं, यालाही बचाव म्हणता येत नाही.

मदतीसाठी 112 लावा. आपला वरूड तालुका मध्य प्रदेशाला लागून आहे. पांढुर्णा, मुलताईकडे जाताना काही घडलं, तरी तक्रार वरूड ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही.

शेवटी आईबापांना हात जोडून सांगणं आहे. पोरीनं असं काही घरी सांगितलं, तर "तूच कशाला तिथं गेलती?" असं विचारू नका, तिचं कॉलेज बंद करू नका. तिच्यासोबत ठाण्यात जा.