शिकाऊ मुलांचा तांडेल कोण?



कामाच्या अनुभवासाठी पाठवल्या जाणाऱ्या मुलांविषयीच्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आमच्या करंजा गावात आपलं मनापासून स्वागत करतो. कोणी पनवेलहून ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत आलात, कोणी उरणपर्यंत लोकलने आलात, अलिबागकडच्या मंडळींनी रेवसहून लाँच पकडून खाडी ओलांडली. पूर्वी उरणच्या सगळ्या बेटालाच करंजा म्हणत, एवढं हे नाव जुनं. आज आमच्या वाट्याला द्रोणागिरीचा डोंगर, देवीचं देऊळ, मच्छीमार बंदर आणि शेजारी नौदलाचं शस्त्रागार आहे. गाव आगरी-कोळ्यांचं. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. जेवणात मात्र उणं राहणार नाही, याची हमी गावातल्या बायकांनी घेतली आहे.

मी शिक्षण क्षेत्रातला माणूस नाही. माझ्या बोटी आहेत आणि बंदरालगत बर्फाचा कारखाना आहे. दरवर्षी मुलं ‘अनुभव घ्यायला’ येतात. काही आयटीआयची, काही पदविकेची, अलीकडे पदवीच्या पहिल्या वर्षाचीही. त्यांच्याबरोबर कॉलेजचं एक पत्र असतं : आमच्या विद्यार्थ्यास सहकार्य करावे. पत्रात नाव असतं, वर्ग असतो, हजेरी क्रमांक असतो. जन्मतारीख नसते.

आजच्या परिषदेचा विषय मला विचाराल तर त्या न लिहिलेल्या जन्मतारखेत आहे. आयटीआयला प्रवेशाचं किमान वय १४. दहावीनंतर पदविकेला गेलेला मुलगा औद्योगिक प्रशिक्षणाला बाहेर पडतो तेव्हा पुष्कळदा सतराचाच असतो. बारावी होऊन विद्यापीठात पाऊल टाकणाऱ्यांतही अठरा पूर्ण न झालेली मुलं-मुली असतात. विद्यापीठाच्या दप्तरी हे सगळे ‘विद्यार्थी’, आमच्याकडे सगळे ‘शिकाऊ’. पण मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या लेखी अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मग तिला मिसरूड फुटलेली असो की तिने इंजिन खोलून दाखवलेलं असो.

आमच्या बोटीवर एक तांडेल असतो. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हवा बिघडली तर कधी फिरायचं, हे तो ठरवतो. एखाद्या पोराला काही झालं तर गाव बोटीच्या मालकाच्या, म्हणजे नाखव्याच्या, आधी तांडेलाला विचारतं. कामाच्या अनुभवासाठी पाठवलेल्या मुलाचा तांडेल कोण? कॉलेज म्हणतं, कंपनीच्या फाटकाच्या आत कंपनी जबाबदार. कंपनी म्हणते, तो आमचा कामगार नाही, कॉलेजचा विद्यार्थी आहे. आईबाप म्हणतात, सरांनी पाठवलंय म्हणजे ठीकच असणार. तिघंही खोटं बोलत नाहीत, आणि मुलगा मात्र एकटा असतो.

काम करत शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही गोष्ट घराघरांत नेली. आमच्या तालुक्यात फुंड्याचं वीर वाजेकर महाविद्यालय याच संस्थेचं. त्या जुन्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबत, स्वयंपाकाला हातभार लावत. कष्ट कमी नव्हते. पण मुलं कुठे आहेत, जेवली का, आजारी कोण आहे, हे ठाऊक असणारं माणूस त्याच आवारात राहत होतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. त्यागापलीकडे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कोठीत धान्य संपलं आहे हे त्या बाईंना त्याच दिवशी कळत होतं. आज आपण काम ठेवलं, श्रेयांक ठेवले, अहवालाची फाइल ठेवली, आणि ती नजर तेवढी काढून टाकली.

कायदे नाहीत असं नाही. १९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया यांत ठेवायला बंदी आली. एरवीच्या कामातही सलग तीन तासांवर काम नाही, मध्ये तासभर विश्रांती, दिवसाचा पसारा सहा तासांच्या आत, ओव्हरटाइम नाही आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक करारावर सही करतो आणि धोकादायक उद्योगांशी निगडित व्यवसायांसाठी किमान वय १८ आहे. अडचण अशी की, कॉलेजचं पत्र घेऊन आलेला मुलगा कामगारही नसतो आणि करारातला शिकाऊ उमेदवारही नसतो. जगाच्या पातळीवरही हीच फट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा किमान वयाचा १३८ क्रमांकाचा करार भारताने २०१७ साली मान्य केला. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या कामाला त्यात सूट आहे, पण ती सक्षम अधिकाऱ्याने घातलेल्या अटी पाळून केलेल्या कामालाच. आपण सूट तेवढी उचलली, अटींचं काय झालं? सहा तासांचा नियम अशा मुलाला लागू होतो की नाही, यावर वकील वाद घालतील. मी माझ्या कारखान्यात तो लागू धरतो.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. वास आला म्हणजे पळायचं, हे जुन्या कामगाराला कळतं. कुठल्या दिशेने पळायचं हे नव्या पोराला कळत नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत अठराच्या आतलं कोणी जात नाही आणि लादी फोडायच्या क्रशरला हात लावत नाही. मुलं नाराज होतात, त्यांना यंत्रच बघायचं असतं. दाराबाहेरून दाखवतो. उरण परिसरात धोका कसा येतो हे आपण पाहिलं आहे. सप्टेंबर २०१९मध्ये ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली तेव्हा चार जीव गेले, आणि त्यांत आग विझवायचं प्रशिक्षण घेतलेले जवान होते. कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट मागे घेताना चालकाला मागचं सगळं दिसत नाही. आणि फाटकाबाहेरचं ते साधं वाक्य, ‘जा रे, बाइक घे आणि एवढं पार्सल टाकून ये’, तेही धोक्यातच मोजा. अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकावर किंवा गाडीच्या मालकावर गुन्हा होतो.

यंत्राचा धोका निदान दिसतो. दुसरा धोका दिसत नाही आणि त्याबद्दल आमच्यासारखी माणसं व्यासपीठावर बोलायला कचरतात. मुलीला संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवणं, रात्री तिच्या मोबाइलवर मेसेज टाकणं, ‘साइट दाखवतो’ म्हणून एकटीला गाडीत घेणं. मुलग्यांच्याही बाबतीत हे घडतं, ते आणखी कमी बोलतात. इथे सत्ता कुठे आहे ते ओळखा. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर सुपरवायझरची सही लागते, त्याच्या शेऱ्यावर गुण ठरतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती निकाल. असं असताना सतरा वर्षांची मुलगी तोंड उघडेल, ही अपेक्षा ठेवायला आपण कोण?

कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार करणारी स्त्री कोणत्याही वयाची असू शकते आणि शिकाऊही त्यात येते. मूल अठराच्या आतलं असेल तर समितीवर भागत नाही, पोलिसांना कळवावंच लागतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर पॉक्सोखाली एक वर्षापर्यंत कैद आहे. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २०२४ साली शाळांतल्या सीसीटीव्हींची आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची राज्यभर चर्चा झाली. ती शाळेच्या फाटकाबाहेर, कामाच्या जागेपर्यंत आली नाही.

मूल बोललं तर ऐकायचं कसं, याचा एक दाखला आमच्या उरणनेच दिला आहे. २२ सप्टेंबर २०१६ रोजी शाळकरी मुलांनी सांगितलं की, शस्त्रं घेतलेली माणसं पाहिली. पोरांचं काय ऐकायचं, असं कोणी म्हटलं नाही. नौदलाने किनाऱ्यावर सतर्कतेचा इशारा दिला, पोलिसांनी गावं आणि डोंगर पिंजून काढले. हाती काही लागलं नाही, तरी चौकशी करायलाच हवी होती. मुलांच्या शब्दावर अख्खा किनारा जागा होऊ शकतो, तर ‘सर, मला त्या डिपार्टमेंटला जायचं नाही’ या एका वाक्यावर एक प्राध्यापक दुसऱ्या दिवशी यार्डात का येऊ शकत नाही?

आणि हा प्रश्न आता गावापुरता राहिलेला नाही. १२ जानेवारी २०२४ला मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचं आणि उरणच्या लोकलचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. आमची मुलं आता कामाच्या अनुभवासाठी खाडी ओलांडून मुंबईपर्यंत जातील आणि मुंबईची मुलं इथे येतील. ज्या मालकाचं तोंड गावाने कधी पाहिलं नाही, त्याच्या हवाली आपण मूल करणार आहोत.

म्हणून परिषदेकडे यजमान गावाचं मागणं. मोठा ठराव नको, एक पान ठरवा. कॉलेजच्या पत्रात पहिल्या ओळीत जन्मतारीख. कामाच्या जागी जबाबदार असणाऱ्या एका माणसाचं नाव, हुद्दा आणि सही, ‘व्यवस्थापन’ अशी नव्हे. कामाची वेळ आणि घरी परतायची सोय. मुलाने कुठल्या खोलीत, कुठल्या यंत्राजवळ जायचं नाही, ते मराठीत. मुलांशी निरोपानिरोपी ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर प्राध्यापक. गुणांवर परिणाम न होता जागा बदलून मागायचा हक्क. पालकाची सही, वाचून दाखवल्यानंतर. पानाच्या तळाशी १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या मुक्कामी शिबिरांनाही हेच पान लावा, कारण तिथे रात्रही असते.

माझ्या व्यवसायातल्या मित्रांना वेगळं सांगतो. ज्याला हे पान भरायला जड वाटतं, त्याने अठराच्या आतलं मूल घेऊ नये. कॉलेजला सरळ नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आणि प्राचार्यांनो, तसं ‘नाही’ आलं तर त्या मालकावर नाराजी धरू नका, पुढल्या वर्षी त्याच्याकडे मोठी मुलं पाठवा.

दुपारच्या सत्रात या पानाचा मसुदा आपल्यासमोर येईल. त्यावर कडाडून बोला, खाडाखोड करा, पण संध्याकाळची लाँच सुटण्याआधी तो मंजूर करून जा.