पहाटेची थंडी आणि सायकल : निघावे की थांबावे?

(नभोवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



थंडी पडली की आपल्याला पहिली काळजी पिकाची. पारा उतरला की निफाडकडचे द्राक्ष बागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. केळीवाले बागेभोवती आडोसा करतात. गोठ्यातल्या वासराच्या अंगावर आपण पोते टाकतो. हे सारे योग्यच आहे. पण हे सगळे करून जो माणूस त्याच पहाटे सायकलला दुधाचे कॅन अडकवून डेअरीकडे निघतो, त्याच्या अंगावर काय असते? एक सदरा, फार तर जुना स्वेटर, आणि डोक्याला गुंडाळलेले उपरणे. हात उघडे. पायात चप्पल. आज मी या माणसाबद्दल बोलणार आहे.

माझ्या कामाच्या हद्दीतल्या एका गावची गोष्ट सांगतो. जानेवारीचा महिना होता. एक दूध उत्पादक रोजच्याप्रमाणे पहाटे साडेपाचला निघाले. अंतर चार किलोमीटर. ओढ्याच्या उतारावर समोर उसाची गाडी आली. ते पडले, मनगट मोडले, दूध रस्त्यावर सांडले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “साहेब, ब्रेक दाबला असंच मला वाटलं. पण बोटं दाबलीच गेली नव्हती.” त्या दिवसाचे दूध गेले ते गेलेच. पण ऐन कांदा लागवडीच्या दिवसांत उजवा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला. धारा काढणे, पाणी धरणे, सगळे घरच्या बाईमाणसांवर पडले. एका दिवसाच्या दुधाची आणि या नुकसानीची तुलना तुम्हीच करा.

आता प्रश्न असा की, थंडी किती झाली म्हणजे सायकलवर निघू नये?

प्रथम थंडी कशी लागते ते पाहू. उभ्या माणसाला जेवढी थंडी लागते, त्याहून चालत्या सायकलवर जास्त लागते. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो. बाहेर वारा नसला तरी सायकल चालली की समोरून वारा लागतोच. हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असेल आणि सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला २ अंशांइतकी थंडी जाणवते. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांनीही ऐकावे. ताशी ४० च्या वेगाने त्याच हवेत शून्य अंशाच्या आसपासची थंडी लागते. म्हणून थंडीत पहिला उपाय फुकटचा आहे. वेग कमी ठेवा आणि त्यासाठी पंधरा मिनिटे हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. रब्बीत विजेची पाळी रात्रीची आली की आपण गव्हाला नाहीतर कांद्याला पाणी द्यायला जातो. गुडघ्यापर्यंत भिजतो आणि पहाटे तीनला तसेच सायकलवर बसून घरी येतो. थंडीतली सर्वांत धोक्याची फेरी हीच. कोरड्या कपड्यांत ८ अंशांची थंडी सहज निभावते. भिजलेल्या अंगाला १२ अंशसुद्धा बाधू शकतात.

तिसरी गोष्ट वेळेची. रात्रभर जमीन थंड होत जाते आणि पारा सर्वांत खाली जातो तो साधारण सूर्योदयाच्या सुमारास. आपली डेअरीची वेळ नेमकी तीच. शिवाय गार हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल भागात उतरते. म्हणून गावात थंडी बेताची वाटते आणि ओढ्याच्या पुलावर येताच दात वाजू लागतात. बातम्यांत सांगितलेले तापमान जवळच्या वेधशाळेचे असते. तुमच्या ओढ्याकाठी ते दोन-तीन अंशांनी कमी असू शकते, हे धरून चाला.

उद्या पहाटे कडाका पडणार की नाही, हे आदल्या संध्याकाळीही बरेचसे कळते. दिवसा उत्तरेचा गार वारा, सांजेला वारा पडलेला आणि आभाळ अगदी निरभ्र, म्हणजे पहाट कडक समजा. आभाळात ढग असतील तर जमिनीची ऊब अडते आणि थंडी कमी पडते.

आता ठोकताळा सांगतो. हा काही सरकारी नियम नव्हे, अनुभवाचा हिशेब आहे.

पारा १० अंशांच्या वर असेल तर अंगात स्वेटर आणि कानाला कापड घेऊन खुशाल निघावे. १० ते ५ अंशांच्या दरम्यान धडधाकट माणसाने निघायला हरकत नाही, पण हात झाकलेले, पाय झाकलेले आणि कपडे कोरडे हवेत. पारा ५ अंशांच्या खाली असेल तर ऊन पडेपर्यंत थांबावे; निघणे भागच असेल तर सोबतीने निघावे. कपडे ओले असतील तर १० अंशांखाली सायकलवर बसूच नये. म्हातारी माणसे, लहान मुले, दमेकरी, रक्तदाबाचे आणि हृदयाचे रुग्ण यांनी १० अंशांखालीच थांबलेले बरे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि त्यात चढावर पायडल मारायचे म्हणजे हृदयावर दुहेरी ताण.

तुम्ही म्हणाल, “साहेब, आमच्याकडे कुठं आलाय थर्मामीटर?” बरोबर आहे. मग अंगणातच तीन कसोट्या घ्या.

पहिली कसोटी हाताची. पाच मिनिटे बाहेर उभे राहा आणि अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून पाहा. मग सदऱ्याची एक गुंडी काढून परत लावा. अंगठा टेकत नसेल, गुंडी लागत नसेल, तर त्या हाताने ब्रेक दाबला जाणार नाही. वाटेतही ही कसोटी घ्या. बोटे ऐकेनाशी झाली की उतरा, हात काखेत धरून ऊब आणा आणि सायकल हातात धरून चाला. चालण्याने वारा कमी लागतो आणि अंग गरम होते. यात कमीपणा काही नाही.

दुसरी कसोटी डोळ्यांची. धुके असेल आणि पन्नास पावलांवरचा खांब दिसत नसेल तर थांबा. गळिताच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, काही तर रस्त्यातच उभ्या असतात.

तिसरी कसोटी सायकलची. दव पडले असेल तर चाकाची रिम ओली असते आणि ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर घसरते. निघण्यापूर्वी रिम फडक्याने पुसा आणि चार पावले सायकल ढकलून दोन्ही ब्रेक लागतात का ते पाहा. कॅन अडकवलेल्या सायकलला थांबायला मोकळ्या सायकलपेक्षा जास्त जागा लागते, हेही ध्यानात ठेवा.

पोशाखाला फार खर्च नाही. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातात घाला. हँडलच्या लोखंडावर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळा. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली की समोरचा वारा अडतो. कानटोपी घाला, पण मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे. घोंगडी, शाल, ओढणी, उपरणे यांची टोके लोंबती ठेवू नका, ती चाकात अडकून माणूस खाली येतो. रिकाम्या पोटी निघू नका; गरम चहा आणि अर्धी भाकरी पोटात असू द्या. एक घोट घेतला की ऊब येते असे काहीजण म्हणतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, ऊब वाटते, पण अंगातली खरी ऊब बाहेर जाते. शिवाय तोल जातो तो निराळाच.

आता दुधाचे काय? दूध काढल्यावर लवकर गार करावे हे खरे. पण ज्या पहाटे पारा ५ अंशांवर आहे, त्या पहाटे हवाच तुमचे दूध गार करत असते. स्वच्छ कॅनमध्ये, झाकण लावून, गार पाण्याच्या टाकीत ठेवलेले दूध तासभर उशिराने नासत नाही. खरी अडचण केंद्र बंद होण्याची असते. म्हणून कडाक्याच्या दिवसांत संकलनाची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे घ्यावी, असे सर्वांनी मिळून संस्थेच्या सचिवांना सांगावे. एकट्याने सांगितलेले राहून जाते, दहाजणांनी सांगितले की विचार होतो. नाहीतर चार घरांनी मिळून पाळी लावावी, म्हणजे एकाच माणसावर रोजची पहाट येत नाही.

रात्री पाणी द्यायला जाताना प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडी पँट किंवा धोतर, एक बंडी आणि पायमोजे न्या. काम झाले की आधी कपडे बदला, मगच सायकलला हात लावा. जमल्यास खोपीतच झोपून ऊन पडल्यावर घरी या. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, त्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

एखाद्याला थंडी बाधली तर काय करावे? कुडकुडणे थांबेना, बोलणे अडखळू लागले, हाताने साधे काम होईना, म्हणजे थंडी बाधली समजा. कुडकुडणे थांबून माणूस गुंगीत जाऊ लागला तर ते बरे झाल्याचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे. ओले कपडे काढा, कोरड्या गोधडीत गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. बधिर हात-पाय चोळू नका आणि जाळावर धरू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. अंगठा करंगळीला टेकत नसेल तर सायकलवर बसू नका.
२. ओल्या कपड्यांनी सायकल चालवू नका.
३. दाट धुक्यात थांबा, कडाक्यात वेग कमी ठेवा.
४. रिम पुसा, ब्रेक तपासा, लोंबती टोके खोचा.
५. दूध तासभर थांबू शकते.

मंडळी, बागेला थंडी लागली तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. घरच्या कर्त्या माणसाचे तसे नाही. उद्या पहाटे दार उघडाल तेव्हा आधी अंगठा करंगळीला टेकवून पाहा, मग ठरवा. एवढे सांगून आपली रजा घेतो. रामराम.