गाडी कुठल्या रस्त्याची?

मागच्या वेळी आपण काजूगराची प्रतवारी कशी करायची ते बोललो. आज बोलायचंय ट्रकबद्दल. तोही आपल्याकडचा ट्रक नव्हे, अमेरिकेत बनलेला आणि युरोपच्या रस्त्यांवर चाललेला. हसू नका. आमच्या गटातही काही जणी हसल्याच होत्या. पण या ट्रकच्या गोष्टीमुळे आमचा गट एका कर्जातून वाचला, म्हणून ती तुम्हाला सांगावीशी वाटली.

आमचा गट अकरा जणींचा. काजू फोडतो, कोकमाचं आगळ करतो. माल तालुक्याच्या बाजाराला न्यायला भाड्याची गाडी लागते. ऐन हंगामात गाडीवाला म्हणेल ते भाडं द्यावं लागतं, आणि तरीही तो वेळेवर येईल याचा भरवसा नाही. शिमगा झाला आणि गटातल्याच एका ताईच्या भावाने आपला मोठा टेम्पो विकायला काढला. गाडी दणकट, रंग नवा, किंमत कमी. बँक कर्ज द्यायला तयार होती. बैठकीत जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले.

बैठक एका भाभींच्या पडवीत होती. त्यांचे सासरे, आम्ही सगळ्या त्यांना चाचा म्हणतो, कोपऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. ते १९७७ साली कुवेतला गेले आणि तिथे त्यांनी पुष्कळ वर्षं पाण्याचा टँकर चालवला. ते एवढंच म्हणाले, "गाडी चांगली आहे, बायांनो. पण ती कुठल्या रस्त्याची?"

आम्ही विचारलं, म्हणजे काय? तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले. इराणात, आखातात पैसा आला आणि जगभरातून माल येऊ लागला. बंदरांत इतकी गर्दी, की बोटींना माल उतरवायला दिवसेंदिवस थांबावं लागे. म्हणून युरोपातले व्यापारी माल थेट रस्त्यानेच पाठवू लागले. इंग्लंड-हॉलंडहून निघायचं, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान ओलांडायचं आणि तेहरान, बगदाद, कुवेत गाठायचं. एका फेरीला कित्येक आठवडे. चाचा म्हणाले, "त्या ट्रकला पुढे निळी पाटी असायची. त्यावर पांढरी अक्षरं, टीआयआर. मागे पांढऱ्या लंबगोलात एनएल लिहिलेलं दिसलं, की ओळखायचं, हा हॉलंडचा."

टीआयआर म्हणजे काय, तर माल भरतानाच त्याला सरकारी मोहोर लावायची आणि मधल्या देशांनी तो न उघडता पुढे जाऊ द्यायचा, असा देशादेशांतला करार. हल्ली चालतो तो करार १९७५ सालचा आहे.

त्या ट्रकांमध्ये बहुतेक व्हॉल्व्हो, स्कॅनिया, मर्सिडीज, डाफ अशा युरोपच्या गाड्या. पण मधूनच एखादा अमेरिकन मॅक दिसायचा. तोंड चपटं, पुढे छातीवर बुलडॉग कुत्र्याचं चिन्ह. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी चिखलातून वाट काढणाऱ्या मॅक ट्रकला बुलडॉग म्हणायला सुरुवात केली आणि पुढे कंपनीने तेच चिन्ह घेतलं, असं सांगतात. चाचा म्हणाले, "आम्ही टँकर थांबवून बघत राहायचो. त्याचा ड्रायव्हरही ऐटीत असायचा."

मैत्रिणींनो, सिनेमात अमेरिकन ट्रक दिसतो तो लांब नाकाचा. मग हा चपट्या तोंडाचा कुठून आला? आमच्यातल्या एकीचा मुलगा आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करतो. त्याने माहिती काढून दिली आणि आम्ही सगळ्यांनी बसून ती वाचली.

असं बघा. घराला जागा ठरलेली आहे. पडवी मोठी केली की माजघर लहान होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तेव्हा ट्रकची लांबी पुढच्या टोकापासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत मोजायचे. नाक लांब ठेवलं तर मालाची जागा कमी. म्हणून कंपन्यांनी नाकच काढून टाकलं आणि ड्रायव्हरची केबिन इंजिनाच्या वर बसवली. अशा गाडीला कॅबओव्हर म्हणतात. मॅक, केनवर्थ, पीटरबिल्ट, व्हाइट, सगळ्यांनी अशा गाड्या बनवल्या. ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसायचा, म्हणजे खालून धग आणि आवाज. इंजिनाचं काम निघालं की अख्खी केबिन पुढे कलंडवायची. आतला डबा, पेला, चपला आवरून ठेवल्या नसतील, तर सगळं काचेवर येऊन आदळायचं.

युरोपातही लांबी अशीच टोकापासून टोकापर्यंत मोजतात. आजही तिथे ट्रेलरवाल्या ट्रकच्या एकूण लांबीला मर्यादा आहे. म्हणून लांब नाकाच्या गाडीला तिथे तोटा आणि अमेरिकेच्या चपट्या गाडीला वाट मोकळी. शिवाय तिचं इंजिन ताकदीचं, आणि पाठीमागे झोपायला चांगली जागा. त्या काळी ब्रिटनमधल्या पुष्कळ ट्रकांत झोपायची सोयच नसे, ड्रायव्हर सीटवरच वेडावाकडा पडायचा. लांबच्या फेरीला जाणाऱ्या माणसाला असा अमेरिकन ट्रक मिळाला, तर तो हरखणारच.

पण मग युरोपभर अमेरिकन ट्रकच का दिसले नाहीत? चाचांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

पहिली गोष्ट दुरुस्तीची. अमेरिकन गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आणि युरोपातल्या गॅरेजमधले पाने मिलिमीटरचे. नट जरासा झिजला की पाना घसरतो. नेहमीचा पार्ट मिळाला तर ठीक, नाहीतर तो समुद्रापलीकडून यायचा. तोवर गाडी उभी, माल उभा, आणि हप्ता मात्र चालू.

दुसरी गोष्ट नियमांची. साधं वळणाच्या दिव्याचं घ्या. अमेरिकेत मागचा दिवा लाल चालतो, युरोपात तो नारिंगीच लागतो. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि अमेरिकन गाडीचं स्टिअरिंगही डावीकडे. पुढचं वाहन ओलांडायचं तर समोरून कोण येतंय ते ड्रायव्हरला दिसायचं नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. माल धरून एकूण वजन किती असावं याला कायद्याची मर्यादा असते. गाडी स्वतःच जड असली, तर तेवढी पोती कमी भरावी लागतात. दणकट गाडी दिसायला छान, पण भाडं पोत्यांचं मिळतं, लोखंडाचं मिळत नाही.

चौथी गोष्ट चालवण्याची. अमेरिकन गाड्यांचा गिअर नुसता ढकलून पडत नसे. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना क्लच दोनदा दाबायचा आणि इंजिनाचा वेग अचूक जुळवायचा. जातं ओढताना दोघींची लय जुळावी लागते ना, तसंच. लय चुकली की गिअर खरखरतो. सवय झालेल्याच्या हाताला ते सोपं, पण बदली ड्रायव्हर मिळणं अवघड.

फोर्ड या अमेरिकन कंपनीने १९७५ साली यावर एक उपाय करून पाहिला. हॉलंडमध्ये, ॲमस्टरडॅमच्या कारखान्यात तिने ट्रान्सकॉन्टिनेंटल नावाचा ट्रक बांधायला घेतला. केबिन फ्रान्सच्या बर्लिए कंपनीची, इंजिन अमेरिकेच्या कमिन्सचं, गिअरबॉक्स आणि अॅक्सलही अमेरिकन कंपन्यांचे. कमिन्स हे नाव आपल्याला परकं नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्करांबरोबर भागीदारीत सुरू झालेली कंपनी तीच. पुण्यात मुलींसाठी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून चालतं, त्यालाही हेच नाव आहे.

हा ट्रक उंच, ऐसपैस. लांबच्या फेरीचे ड्रायव्हर त्याची अजून आठवण काढतात. पण तो जड होता आणि महाग होता. दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच तो बनवणं बंद झालं.

आणखी एक गंमत ऐका. १९८२ साली अमेरिकेने कायदा बदलला. मोठ्या महामार्गांवर एकूण लांबी मोजणं थांबलं, फक्त ट्रेलरची लांबी मोजू लागले. झालं! नाक पुन्हा वाढलं. ड्रायव्हरलाही लांब नाकाची गाडी आवडायची, धग कमी, हादरे कमी, इंजिनाला हात घालणं सोपं. हळूहळू चपट्या तोंडाचा ट्रक त्याच्या माहेरातूनच दिसेनासा झाला. युरोपात मात्र नियम तोच राहिला, म्हणून तिथले ट्रक अजून चपटेच आहेत. कंपन्यांनीही मग दुसरा मार्ग धरला. व्हाइटचा ट्रकचा धंदा १९८१ साली स्वीडनच्या व्हॉल्व्होने घेतला. केनवर्थ आणि पीटरबिल्ट बनवणाऱ्या अमेरिकन पॅकार कंपनीने १९९६ साली हॉलंडची डाफच विकत घेतली. आपली गाडी परक्या रस्त्यावर नेण्यापेक्षा त्या रस्त्याची गाडी बनवणारा कारखाना घेतलेला बरा, असा तो हिशेब.

आता हॉलंडमध्ये हौशी लोक असे जुने अमेरिकन ट्रक धुऊन-पुसून जपतात. त्यांच्या आठवणी आम्ही वाचल्या. तुर्कस्तानच्या पूर्वेच्या डोंगरात एवढी थंडी, की डिझेल खोबरेल तेलासारखं गोठायचं आणि ड्रायव्हर टाकीखाली जाळ करायचे. ट्रेलरच्या कडेच्या पेटीत शेगडी आणि भांडी ठेवून रस्त्यातच स्वयंपाक व्हायचा. मोबाइल नव्हते. घरी बाईमाणसाला आठवडेच्या आठवडे खबर नसायची. हे वाचून दाखवलं तेव्हा चाची आतून म्हणाल्या, "आम्हाला विचारा. पत्राला वीस-वीस दिवस लागायचे, आणि पत्रात ट्रकच्याच गोष्टी." चाचा हसले, पण मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढच्या बैठकीला आम्ही टेप घेऊन गेलो. देवळाजवळची मोरी मोजली, घाटीचं वळण मोजलं. टेम्पो मोरीवरून जात होता, पण आमच्या शेडसमोर वळत नव्हता, अर्धा मैल मागे न्यावा लागला असता. मग वही काढली. आमचा माल त्या टेम्पोत हंगामात जेमतेम निम्मा भरला असता आणि पावसाळ्यात तो उभाच राहिला असता. त्याचं काम करणारं गॅरेज जिल्ह्याच्या गावी. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरल्याचा कागद मागितला, तर भाऊ म्हणाला, देतो नंतर. आणि चालवणार कोण, याला आमच्यापैकी एकीकडेही उत्तर नव्हतं.

आम्ही नाही म्हटलं. हे बोलायला सोपं वाटतं, पण ताईचा भाऊ होता तो. त्याला पैशाची नड होती. ताई चिडली, दोन बैठकांना आली नाही, विहिरीवर भेटली तरी मान फिरवायची. तिच्याविना काजूची चूल पेटवताना आमचेही हात जड झाले. तिसऱ्या बैठकीआधी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तूच हिशेब कर, तू म्हणशील ते करू. तिने केला. रात्री उशिरापर्यंत केला. सकाळी वही घेऊन तीच आली आणि म्हणाली, "गाडी चांगली आहे गं, पण आपल्या रस्त्याची नाही."

आता आम्ही लहान तीनचाकी मालगाडी बघतोय. अजून घेतलेली नाही, घाई नाही. ताईनेच शिकाऊ परवाना काढलाय. चाचा तिला संध्याकाळी मैदानात शिकवतात, आणि गिअर खरखरला की इथपर्यंत ओरडतात.

तुमच्या गटात गाडी घ्यायची असो, शेवयांचं मशीन असो की पिठाची गिरणी, हात वर करण्याआधी एक संध्याकाळ चार प्रश्नांना द्या. आपल्या रस्त्याला, आपल्या विजेला ती झेपेल का? बिघडली तर दुरुस्त करणारा किती लांब? कागद पुरे आहेत का? आणि चालवणार कोण? उत्तरं वहीत लिहा, तोंडी ठेवू नका. आणि ज्या मैत्रिणीला नाही म्हणावं लागेल, तिच्या घरी वही घेऊन जा.

येते मग पुढच्या आठवड्याची वेळ. तोवर तुमच्या गटाने काय घेतलं आणि काय घ्यायचं टाळलं, ते आम्हाला केंद्रावर कळवा. नमस्कार.