साधेपणा आणि बळकटी

प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, अशा जातीचे कोल्ट रिव्हॉल्व्हर १८७३ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारले. कळी थोड्या, म्हणून ते दणकट, असा त्याचा लौकिक झाला. परंतु साधेपणा निराळा आणि बळकटी निराळी, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

स्फोटाचा भार सोसते ते फिरते चक्र. त्यात ०.४५ इंची काडतुसांसाठी सहा घरे कोरली की बाहेरची भिंत पातळ उरते. शिवाय चक्र अडकविणारी खाच नेमकी त्याच भिंतीवर पडते. काळ्या दारूचा दाब ती भिंत सोशी. बिनधुराची दारू आली आणि हौशी लोक भार वाढवू लागले. एल्मर कीथ या नेमबाजाच्या हाती १९२० नंतरच्या दशकात असेच एक चक्र फुटले. पुढे त्याने ०.४४ इंची काडतूस पत्करले. घर किंचित अरुंद, भिंत तितकीच जाड.

१९८३ साली फ्रीडम आर्म्स कंपनीने आपल्या जबर काडतुसासाठी चक्रात पाचच घरे ठेविली. त्यामुळे भिंती जाड झाल्या आणि खाच दोन घरांमधल्या भरीव पोलादावर गेली. एक गोळी उणी झाली खरी. पण बार करणाराचा हात व डोळा यांची किंमत तीहून खचित मोठी आहे.